इंजिनिअर असलेल्या सरांची स्मरणिका कशी करावी

नव्वदीपर्यंत जगलेल्या माणसाची स्मरणिका करायला घेतली की पहिल्या आठवड्यात दोन ढीग जमतात. एक फोटोंचा, दुसरा विशेषणांचा: शिस्तप्रिय, मनमिळाऊ, विद्यार्थिप्रिय, निःस्पृह. फोटो पुढे कामाला येतात. विशेषणं कोणत्याही सरांना चालतात, म्हणून त्यांतून आपले सर दिसत नाहीत. ज्या माणसाने अर्धं आयुष्य यंत्रावर, धरणावर किंवा प्रेसमध्ये काढलं आणि उरलेलं वर्गात, त्याच्या बाबतीत तर हाताशी फार चांगला माल असतो. कामावर काय बिघडलं, ते कसं दुरुस्त झालं आणि तेच पुढे फळ्यावर कसं उतरलं, एवढं नेमकं लिहून काढलं तर अर्धी स्मरणिका तयार झाली. बाकी सारी मांडणी आणि छपाई.

नाशिकमध्ये अशी माणसं बरीच, आणि त्याला कारण आहे. नाशिकरोडला टपाल तिकिटांची छपाई १९२५ पासून आणि नोटांची १९२८ पासून. दिंडोरी रोडला मेरी (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था) १९५९ साली आली, ओझरचा विमान कारखाना १९६४ साली, एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राचे पहिले दोन १४० मेगावॉटचे संच १९७०-७१ मध्ये. सातपूर-अंबडची औद्योगिक वसाहत वाढत गेली ती वेगळीच. मग १९८३ साली राज्य सरकारने विनाअनुदानित खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. पंचवटीतलं के. के. वाघ १९८४ चं. नव्या कॉलेजांना शिकवणारे हवे होते आणि शहरात अनुभवी इंजिनिअर होते. त्यामुळे सरांनी नोकरी बदलल्याचं साल ऐंशीच्या दशकातलं निघालं, तर या पार्श्वभूमीवर दोन ओळी जरूर द्या. नातवंडांना ती माहीत नसते.

आधी तक्ता, मग लेख

लेख मागवण्याची घाई करू नका. एक लांब वही घ्या आणि उघडल्यावर समोर येणारी दोन्ही पानं मिळून एक तक्ता धरा. डाव्या पानावर काम: साल, ठिकाण, हुद्दा, यंत्र किंवा बांधकाम, नेमकं काय केलं, कोणतं माप, काय बिघडलं. उजव्या पानावर वर्ग: साल, संस्था, विषय, कोणता धडा, तो कसा शिकवला, परीक्षेत काय विचारलं. दोन्ही पानं पेन्सिलीने भरा, कारण सालं बदलत राहतात.

डाव्या पानावर 'गंगापूर धरणावर काम केले' एवढंच लिहिलं तर काही हाती लागत नाही. मातीचं धरण हे शेकडो माणसांचं काम असतं. त्यात सर माती तपासत होते, की भराव मोजत होते, की दरवाज्यांवर होते? माती तपासत असतील तर चाचणी कोणती? प्रॉक्टरची (माती किती घट्ट दबते ते बघायची) असेल तर २.६ किलोचा ठोकळा, ३१० मिलिमीटरवरून, तीन थर, प्रत्येक थराला २५ ठोके. हे आकडे ज्यांनी आयुष्यभर केलं त्यांना झोपेतही सांगता येतात. आकडा आला की त्यामागून मुकादम येतो, पाऊस येतो, अडलेलं बिल येतं. म्हणून प्रश्न नेहमी मापापासून सुरू करावा.

हुद्दे मात्र कागद बघूनच लिहा. घरच्यांच्या आठवणीत प्रत्येक जण मुख्य अभियंता असतो. जुना ओव्हरसियर म्हणजे साधारण आजचा कनिष्ठ अभियंता. त्यावर उपअभियंता, कार्यकारी अभियंता, अधीक्षक अभियंता आणि सर्वांत वर मुख्य अभियंता. कॉलेजातही तसंच. अधिव्याख्याता, प्रपाठक आणि प्राध्यापक या तीन वेगळ्या पायऱ्या होत्या, पण बाहेर सगळेच प्राध्यापक. समारंभात जुने सहकारी समोर बसलेले असतात आणि चुकीचा हुद्दा त्यांच्या डोळ्यांतून सुटत नाही.

तारखा जुळवणे

लांब आयुष्यात तारखा हमखास गडबडतात, त्यामुळे एका कागदावर विसंबू नये. जन्मतारीख १ जून असेल तर थांबा. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीने टाकलेली ती तारीख असण्याची दाट शक्यता आहे. घरात पत्रिका असेल तर तिथी सापडेल. शके १८५५ अधिक ७८ म्हणजे इसवी सन १९३३. तिथी पौषाच्या उत्तरार्धानंतरची, माघ-फाल्गुनातली असेल तर ७८ ऐवजी ७९ मिळवा. इथेच एक वर्षाची चूक सर्वांत जास्त होते. दोन्ही तारखा वेगळ्या निघाल्या तर स्मरणिकेत दोन्ही द्या, 'शाळेतील नोंद' आणि 'पत्रिकेनुसार' असं लिहून.

राज्य सरकारी नोकरी असेल तर निवृत्तीवरून उलट पडताळा घेता येतो. वय ५८, निवृत्ती महिन्याच्या अखेरीस, आणि जन्म एक तारखेचा असेल तर आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. म्हणजे १ जूनचे सर ३१ मे रोजी निवृत्त. हे जुळत नसेल तर सेवापुस्तकाची प्रत शोधा. बदल्या, वेतनवाढी, रजा असं सगळं त्यात क्रमाने असतं.

शिक्षणाचे टप्पेही आजच्या चष्म्यातून वाचू नका. महाराष्ट्रात दहावीची पहिली बोर्ड परीक्षा १९७५ साली झाली. त्याआधी शालान्त म्हणजे अकरावी, मग कॉलेजात इंटर सायन्स, मग इंजिनिअरिंग. 'सर दहावीला पहिले आले, १९५०' असं छापलं की जाणकार हसतात. पुणे विद्यापीठ १९४९ चं, त्यामुळे त्याआधीची पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजची पदवी मुंबई विद्यापीठाची. मुंबईच्या व्हीजेटीआय या इंजिनिअरिंग कॉलेजच्या नावातल्या पहिल्या दोन अक्षरांचा अर्थ १९९७ पर्यंत व्हिक्टोरिया ज्युबिली असा होता. जुन्या प्रमाणपत्रावर जे नाव आहे तेच ठेवा.

मापांची तीच गोष्ट. देशात दशमान नाणी १९५७ साली आली आणि मेट्रिक वजनमापं १९५८ पासून टप्प्याटप्प्याने. सरांच्या सुरुवातीच्या वह्या फूट, इंच, पौंडांत असणार. मूळ आकडा तसाच छापा आणि शेजारी रूपांतर द्या: १ इंच २५.४ मिलिमीटर, ब्रिटिश टन १,०१६ किलो, १ क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर, १ दशलक्ष घनफूट म्हणजे सुमारे २८,३१७ घनमीटर. नाशिकच्या वाचकाला क्युसेक आणि दशलक्ष घनफूट पावसाळ्यातल्या बातम्यांमुळे पाठच असतात, त्यामुळे तिथे कंस भरत बसायची गरज नाही.

सर हयात असतील तर

मग सगळं बाजूला ठेवून आधी ध्वनिमुद्रण. सकाळी चहा-नाश्ता झाल्यावर, एका बैठकीला ४० ते ४५ मिनिटं, त्याहून जास्त नाही. पुढच्या बैठकीआधी दोन-तीन दिवस जाऊ द्या. मधल्या वेळात आठवणी आपोआप वर येतात.

पंखा बंद करा. रेकॉर्डिंग बिघडवण्यात पंख्याचा पहिला नंबर, कुकरच्या शिट्टीचा दुसरा. फोनवर करत असाल तर विमान मोड लावा आणि कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा. फाइल वेव्ह प्रकारात, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, एकच चॅनल. तासाला अर्ध्या जीबीपेक्षा थोडी जास्त जागा लागते, तेवढी आधी मोकळी करा. पहिल्या दोन मिनिटांनंतर थांबून इअरफोन लावून ऐका. हे न केल्यामुळे पूर्ण बैठक वाया गेल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत. ऐकू कमी येत असेल तर ज्या कानाने चांगलं ऐकू येतं त्या बाजूला बसा आणि प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहूनही ठेवा.

'तुमच्या आयुष्याबद्दल सांगा' या प्रश्नाला उत्तर म्हणून भाषण मिळतं. हातात वस्तू द्या. स्लाइड रूल (गुणाकार-भागाकाराची सरकती पट्टी), जुना ड्रॉइंग सेट, कानस, धरणाचा नकाशा, परीक्षेचा पिवळा पडलेला पेपर. आणि कागद-पेन समोर ठेवाच, कारण इंजिनिअर बोलताना आकृती काढतो. ती आकृती काढताना वरून व्हिडिओ घ्या आणि कागदावर तारीख टाका. मग विचारा: हे पहिल्यांदा कुठे बघितलंत? काय चुकलं होतं? आणि वर्गात हे सांगताना मुलं कुठे अडकायची? या तिसऱ्या प्रश्नाला येणारं उत्तर सहसा सर्वांत चांगलं असतं, कारण तिथे दोन्ही नोकऱ्या एकत्र येतात.

लिहून काढताना भाषा धुऊ नका. 'बेअरिंग गेलं', 'शाफ्ट आउट होता', 'डायल लावला' असंच राहू द्या. आपोआप टाइप करणारी साधनं टॉर्कचं टाक करतात आणि गेजचं गेट, म्हणून प्रत्येक तांत्रिक शब्द ऐकून तपासा.

विद्यार्थी आणि सहकारी

'सरांविषयी दोन शब्द लिहा' असा संदेश ग्रुपवर टाकला की दोनच शब्द येतात. त्याऐवजी तीन प्रश्न पाठवा. सरांनी शिकवलेला कोणता धडा किंवा गणित अजून जसंच्या तसं आठवतं? त्यात सर कोणतं प्रत्यक्ष उदाहरण द्यायचे? नोकरीत ते कुठे उपयोगी पडलं? मर्यादा ४०० शब्द, मुदत तीन आठवडे, आणि एक आठवडा उरला की फोन. लिहायला कंटाळणाऱ्याला फोनवर बोलतं करून तुम्हीच लिहा आणि वाचून दाखवून मान्यता घ्या. जुनी बॅच ऐंशीच्या घरात असेल तर सुरुवात तिथून करा, वयाच्या उतरत्या क्रमाने.

फोटो मागवताना सांगा की व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि छपाईत चेहरे पुसट होतात.

कारखान्यातल्या ट्रेनिंग स्कूलमधले अप्रेंटिस विसरू नका. अप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे, आणि पुष्कळ इंजिनिअरांनी कॉलेजात जायच्या आधीच तिथे शिकवायला सुरुवात केलेली असते. कानस सपाट कशी मारायची हे ज्यांना सरांनी हात धरून शिकवलं ती माणसं लेख पाठवणार नाहीत. त्यांच्याकडे जावं लागतं.

एक धडा पूर्ण लिहा

स्मरणिकेतलं सर्वांत मोलाचं पान हेच असायला हवं, आणि बहुतेक स्मरणिकांत ते नसतं. सरांचा किमान एक धडा असा छापा की वाचून तो शिकवता आला पाहिजे.

समजा सर एकलहऱ्याला देखभालीत होते आणि पुढे कॉलेजात यंत्रदुरुस्ती शिकवत. मग पंप आणि मोटर एका रेषेत आणण्याचा धडा निवडा. डायल गेज (बारीक सरक मोजणारं घड्याळासारखं उपकरण) एका कपलिंगवर, म्हणजे शाफ्ट जोडणाऱ्या तबकडीवर, बांधायचा, त्याचं टोक दुसऱ्या कपलिंगच्या घेरावर टेकवायचं, वरच्या बाजूला शून्य लावायचं आणि दोन्ही शाफ्ट एकत्र फिरवत चार ठिकाणी आकडे घ्यायचे. वर ०, उजवीकडे −०.०७, खाली −०.१२, डावीकडे −०.०५ मिलिमीटर. पडताळा असा की वर आणि खाली यांची बेरीज डावी-उजवीच्या बेरजेइतकी यायला हवी. इथे दोन्हीकडे −०.१२ येते, म्हणजे वाचन बरोबर. उभ्या दिशेतला सरक, म्हणजे दोन शाफ्टच्या मध्यरेषांमधलं अंतर, याच्या निम्मा, ०.०६ मिलिमीटर, कारण अर्धा फेरा फिरताना डायल सरकाच्या दुप्पट दाखवतो. बेरीज जुळली नाही तर क्लॅम्प ढिला आहे किंवा आकडा चुकीचा वाचला आहे.

आता खुबी. डायल धरणारा दांडा स्वतःच्या वजनाने झुकत असला तरी ही बेरीज जुळते. झुकाव खाली दुप्पट आणि दोन्ही बाजूंना एकपट येतो, त्यामुळे पडताळ्यात तो पकडला जात नाही. म्हणून तोच दांडा सरळ पाइपवर बांधून झुकाव वेगळा मोजायचा आणि वजा करायचा. शिवाय यंत्र तापलं की उचललं जातं, त्यामुळे थंड असताना अचूक केलेली रेषा चालू झाल्यावर सुटते.

असा धडा अर्ध्या पानात आकृतीसह बसतो. सरांनी ही गोष्ट कोणत्या दुरुस्तीत शिकली ते तक्त्याच्या डाव्या पानावरून एका वाक्यात जोडा आणि शेवटी परीक्षेतला मूळ प्रश्न छापा. मेरीतल्या माणसासाठी प्रतिकृतीवरचा प्रवाह असेल, प्रेसमधल्यासाठी रंगांची जुळणी. छापण्याआधी त्या विषयातल्या दुसऱ्या जाणकाराकडून आकडे तपासून घ्या. सरांच्या नावावर चुकीचं गणित छापणं फार वाईट दिसतं.

एक सावधगिरी खास नाशिकची. नोटांची प्रेस आणि विमान कारखाना इथल्या कामावर गोपनीयतेची बंधनं असतात आणि ती निवृत्तीने संपत नाहीत. आतले फोटो, यंत्रांच्या खुणा, मूळ ड्रॉइंग घरात सापडली तरी छापू नका. अशा वेळी शिकवलेलं तत्त्व लिहा, ठिकाण आणि यंत्र गाळा.

कागद, नकाशे, फोटो

ब्लू प्रिंट उजेडात फिकट होते, अमोनिया प्रिंटही. त्यांना भिंतीवर लावू नका आणि फोटोंना चिकटून ठेवू नका. जुनं ट्रेसिंगचं कापड खळीचं असतं. ओल्या फडक्याने पुसलं तर खळ विरघळते आणि शाई पसरते. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका, बस्स. गुंडाळी कडक झाली असेल तर जोर लावून उलगडू नका. दोन-तीन दिवस थोडी थोडी सैल करत सपाट वजनाखाली ठेवा. मोठं ड्रॉइंग स्कॅन करणाऱ्या दुकानात कागद रोलरमधून ओढला जातो, म्हणून फाटका नकाशा आधी पारदर्शक पॉलिस्टर कव्हरमध्ये घाला. स्लाइड रूल स्पिरिटने पुसू नका, सेल्युलॉइडवरचे आकडे जाण्याची भीती असते.

छापील फोटो ६०० डीपीआयला (इंचाला ६०० बिंदू) स्कॅन करा. ४ बाय ६ इंचाचा फोटो मग दुप्पट आकारात स्वच्छ छापता येतो, आणि रंगीत टिफ फाइल साधारण २६ एमबीची होते. ३५ मिलिमीटर निगेटिव्हला किमान २४०० डीपीआय हवं. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका; दात साफ करायचा फ्लॉस खालून हळूहळू सरकवा. लॅमिनेशन कशालाच नको. गंजलेल्या टाचण्या आधी काढा. पावसाळ्यात सगळं सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवा, कसर आणि ओल दोन्हींपासून बचाव होतो.

सहस्रचंद्रदर्शनाचा फोटो बहुतेक घरांत असतो आणि अख्खं गणगोत एका चौकटीत मिळतं. त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून प्रत्येक चेहऱ्याला क्रमांक द्या आणि घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या बाईंना विचारा. पुरुषांना निम्मी नावं आठवत नाहीत.

फाइलचं नाव सालापासून सुरू करा: '१९७१_एकलहरे_संच२_०१'. तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्याच्या घरी. जुन्या बातम्यांसाठी 'गावकरी', 'देशदूत' यांच्या फायलींची चौकशी करा, आणि १८४० सालच्या आपल्या सार्वजनिक वाचनालयात काय मिळेल हे आधी विचारून मगच जा. तारीख ठाऊक नसताना फायली चाळण्यात दिवस जातो. छापताना कागदपत्रांवरचे आधार आणि पेन्शनचे क्रमांक, पत्ते झाका.

छपाई

डेमी १/८ आकार, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच, ४८ पानं: १६ पानांचे तीन फर्मे. पानसंख्या १६ च्या पटीत ठेवली की कागद वाया जात नाही. निदान चारच्या पटीत तरी असावी. १२ पॉइंट अक्षरात पानाला अंदाजे २८० शब्द धरा. फोटोंना १२ पानं दिली तर मजकूर दहा हजार शब्दांच्या आसपास, त्याहून जास्त लेख आले तर कापा. आत ८० ग्रॅम मॅपलिथो, फोटोंना १३० ग्रॅम आर्ट पेपर, मुखपृष्ठाला ३०० ग्रॅमचं कार्ड. ४८ पानांना मधल्या पिना पुरतात. प्रती तीनशेच्या आत असतील तर ऑफसेटपेक्षा डिजिटल परवडतं.

सगळे लेख युनिकोडमध्ये मागवा. प्रेसमधला डीटीपीवाला ते श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये बदलतो आणि तिथे अक्षरं मोडतात. तपासायच्या जागा ठरलेल्या आहेत: 'एकलहऱ्याला' मधला ऱ्य, 'ॲल्युमिनियम' मधला ॲ, सगळे दशांश बिंदू, उणे चिन्ह आणि 'चौरस सेंमी' लिहायचे वर चढवलेले आकडे. ०.०५ चं ०५ झालेलं प्रूफ सर्रास येतं. मुद्रितशोधन दोघांनी करावं: एक भाषा जाणणारा, एक फक्त आकडे बघणारा.

प्रकाशनासाठी ५ सप्टेंबरचा शिक्षकदिन किंवा १५ सप्टेंबरचा अभियंता दिन, दोन्ही शोभतात. त्या सुमारास गणपती किंवा पितृपक्ष येतो. पितृपक्षात हॉल सहज मिळतो, नातेवाईक मात्र कुरकुरतात. त्याच काळात प्रेसमध्ये दिवाळी अंकांचं काम चालू होतं, म्हणून अंतिम मजकूर जुलैअखेर प्रेसला द्या. उशीर झाला तर दिवाळीनंतर छापा, घाईने नको. मान्यवरांची शुभेच्छापत्रं शेवटच्या पानांत एकत्र टाका. पहिल्या पानावर सरांची आयुष्यरेषा, दुसऱ्यावर धडा.

प्रती वाटल्यावर महिनाभरात दुरुस्त्यांचे फोन येतात, विशेषतः नावांच्या आणि सालांच्या. त्या एकाच प्रतीत लाल पेनाने घ्या, पाव पानाचं शुद्धिपत्र छापून उरलेल्या प्रतींत चिकटवा आणि पीडीएफ बदलून पुन्हा पाठवा. सरांच्या विभागाच्या ग्रंथालयाला आणि सार्वजनिक वाचनालयाला द्यायच्या प्रती शुद्धिपत्र लावूनच द्या.